थांबण्याआधीचं हलणं: सक्रिय ध्यान घरी कसं करावं

नाकाच्या शेंड्याला खाज सुटली आहे. दोन्ही हात डोक्यावर, जसे होते तसेच. घामाचा एक थेंब भुवईवरून उतरून डोळ्याच्या कडेशी अडकलाय आणि दाराची बेल वाजतेय. अजून चौदा मिनिटं हलायचं नाही.

डायनॅमिक या सक्रिय ध्यानाच्या पद्धतीची ही चौथी पायरी. बेल खालच्या मजल्यावरच्या काकूंनी वाजवली होती, कारण त्याआधीची दहा मिनिटं मी त्यांच्या डोक्यावर ‘हू हू’ करत उड्या मारत होते. त्यांनी तीनदा वाजवली. मी उघडलं नाही. नंतर खाली जाऊन माफी मागितली आणि त्या दिवसापासून जाड सतरंजी, तिच्यावर योगा मॅट आणि टाचेऐवजी गुडघे वाकवून ‘हू’ असा क्रम सुरू झाला. घरी करण्याच्या या बारीकसारीक गोष्टी कुणी सांगत नाही, म्हणून हा लेख.

डोळे मिटून मांडी घातली की ज्यांचं मन जास्तच सैरावैरा धावतं, त्यांच्यासाठी ही पद्धत आहे. मी त्यांतलीच. फ्रीजमधली मेथी निवडायची राहिलीय हे मला फक्त ध्यानाला बसल्यावर आठवतं. सक्रिय ध्यानात आधी अंग हलवायचं, श्वास ढवळायचा, आतलं बाहेर टाकायचं आणि मगच थांबायचं. लहानपणी मंगळागौरीला फुगडी घातली असेल तर तुम्हाला हे अर्धं माहीत आहे. फुगडी सुटते, भिंतीला पाठ टेकते, खोली फिरत असते आणि डोक्यात एकही शब्द नसतो. त्या दोन क्षणांना इथे पंधरा मिनिटं दिलेली आहेत.

ही पद्धत ओशोंची. तेव्हा त्यांना आचार्य रजनीश म्हणत, आणि 1970 साली त्यांनी डायनॅमिक पहिल्यांदा शिबिरात करून घेतलं. 1974 पासून पुण्यात कोरेगाव पार्कला आश्रम झाला आणि कुंडलिनी, नादब्रह्म या बाकीच्या पद्धतींनाही आजचं रूप आलं. माणसाबद्दल आणि आश्रमाबद्दल वाद भरपूर झाले, त्यात मी इथे शिरत नाही. पद्धत करायला अनुयायी व्हावं लागत नाही, माळ घालावी लागत नाही. त्यांचं म्हणणं असं, की आजचा माणूस इतकं दाबून बसलेला असतो की त्याला सरळ शांत बसवलं तर तो शांत होत नाही, नुसता दबून राहतो. ऊर्जा वर चढते वगैरे मी मोजलेलं नाही, त्यामुळे त्यावर बोलत नाही. पण अंग दमल्यावर डोकं ऐकतं, एवढं मात्र पाहिलंय.

आधी हे वाचा

उच्च रक्तदाब, हृदयविकार, फिट्स, काचबिंदू किंवा डोळ्याच्या पडद्याचा त्रास, हर्निया, अलीकडे झालेलं ऑपरेशन, गरोदरपण: यांपैकी काही असेल तर डायनॅमिक करू नका. मनाच्या गंभीर आजारासाठी औषधं चालू असतील, विशेषतः कधी भास किंवा उन्माद होऊन गेला असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जोराचा श्वास आणि रेचन (साठलेलं ओरडून, रडून बाहेर टाकणं) या दोन्हींपासून लांब राहा. ‘ध्यान आहे, त्याने काय होतंय’ हे वाक्य इथे चालत नाही. अशा मंडळींसाठी पुढे बसून गुंजन करायचं नादब्रह्म आहे, ते बहुतेकांना झेपतं.

पोट रिकामं हवं. सकाळी करत असाल तर चहासुद्धा नंतर. संध्याकाळी करायचं तर दुपारच्या जेवणाला तीन तास होऊ द्या. वडापाव खाऊन पंधरा मिनिटं थरथरून पाहिलंय मी एकदा, वर्णन नको.

जागा तीन पावलं बाय तीन पावलं पुरते, पण टीपॉय, पंख्याची वायर, दाराची कडी हे सगळं हाताच्या टप्प्याबाहेर हवं, कारण डोळे मिटलेले असतात. डोळ्यांवर पट्टी बांधा, जुनी सुती ओढणी चालते. चष्मा, अंगठ्या, बांगड्या काढा. कपडे सैल. ओशोंच्या केंद्रावर मरून रंगाचा पायघोळ झगा घालतात, घरी जुना गाऊन किंवा ट्रॅकपँट. घरच्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर दुसऱ्या पायरीला आई धावत येते.

संगीत लागतं. ते नुसतं मागे वाजत नाही, पायरी बदलल्याचं तेच सांगतं, म्हणजे घड्याळ बघावं लागत नाही. डायनॅमिक, कुंडलिनी, नादब्रह्म यांचं संगीत डॉयटर या जर्मन संगीतकाराने केलंय आणि ते सहज मिळतं. ते नको असेल तर मोबाइलवर प्रत्येक पायरीची घंटा लावा आणि फोन फ्लाइट मोडवर टाका.

सुरुवात कुंडलिनीने करा

बहुतेक जण नाव ऐकून डायनॅमिकवर उडी मारतात आणि तिसऱ्या दिवशी मांड्या धरून बसतात. आधी सात दिवस कुंडलिनी करा. ही संध्याकाळची पद्धत, दिवेलागणीच्या सुमाराला. पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार पायऱ्या.

पहिली, थरथरणं. पाय खांद्याइतके लांब ठेवून उभे राहा. गुडघे कडक नकोत, बसमध्ये उभं राहून जाताना ठेवतो तसे किंचित ढिले. आता गुडघ्यांतून बारीक हलवायला लागा, वरखाली, लहान. पहिली चार-पाच मिनिटं हे हलणं तुम्ही करत असता, आणि ते कृत्रिम वाटतं, वाटू द्या. खांदे सोडा. जबडा सोडा, दात एकमेकांवर आपटले पाहिजेत. हाताचे पंजे पाण्यातून काढल्यासारखे लोंबू द्या. बहुतेकांचं कुलूप तीन ठिकाणी असतं: जबडा, मान आणि ओटीपोट. पोट आत ओढून उभं राहायची सवय इतकी मुरलेली असते, बायकांत तर जास्तच, की ते सोडायला मला पहिले चार दिवस लागले.

मग कधीतरी थरथर आपोआप चालायला लागते. मांडीच्या आतून एक कंप येतो, सायकल उतारावर लागते तसा. आता पॅडल मारायचं नाही आणि ब्रेकही लावायचा नाही. ताठ उभं राहून हात-पाय झटकणं म्हणजे थरथरणं नव्हे, तो व्यायाम झाला. कंप पायांतून वर आला पाहिजे. नाही आला तर ओढून आणू नका, गुडघ्यांचं लहान हलणं चालू ठेवा, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतो.

दुसरी, नाच. संगीत बदलतं आणि पाय जागेवरून सुटतात. नाच म्हणजे स्टेप्स नाहीत, कुणी बघत नाहीये. नाच येत नाही म्हणणाऱ्यांनी वारीतली पावली आठवावी: दोन पावलं पुढे, एक मागे, हात सैल. तिथून सुरुवात केली की शरीर स्वतः काहीतरी काढतं. शरीर दमलेलं असेल तर नुसतं डोललात तरी चालेल.

तिसरी पायरी, थांबा. उभे राहा किंवा बसा, डोळे बंद. काही करायचं नाही. छाती धडधडते, घाम उतरतो, बाहेर कुकरची शिट्टी होते, कुणाचा तरी टीव्ही चालू असतो. आवाज येऊ द्या, जाऊ द्या. साक्षीभाव हा मोठा शब्द आहे. गॅलरीतून रस्ता बघतो तसं, एवढंच. रिक्षा गेली. स्कूटर गेली. आपण खाली उतरत नाही.

चौथी, आडवे व्हा. पाठीवर, हात बाजूला. पंखा एकवर, नाहीतर घामावर गार वारा लागून दुसऱ्या दिवशी मान धरते. इथे झोप लागते. लागली तर घोरा, पण आठवडाभर रोजच लागत असेल तर अडचण ध्यानाची नाही, रात्रीच्या झोपेची आहे. ती आधी पुरी करा.

डायनॅमिक: पाच पायऱ्या, एक तास

ही सकाळची. डोळे पूर्ण वेळ बंद.

पहिली दहा मिनिटं श्वास. नाकाने, तोंड बंद, जोरात आणि अनियमित. जोर बाहेर टाकण्यावर द्या, आत येणं शरीर सांभाळतं. कपालभाती किंवा भस्त्रिका येणाऱ्यांची इथे गोची होते, कारण त्यांना ठेका लागतो, आणि इथे ठेकाच मोडायचा आहे. दोन जोरात, एक लांब, चार तुटक, मधेच खोल. ठेका जुळला की मन ते काम शरीरावर सोपवून मेथी निवडायला जातं. ठेका मोडत राहिला की त्याला थांबावंच लागतं. कोपर अंगाजवळ घेऊन भात्यासारखे हलवा, मदत होते. नाक शिंकरून बसा आणि रुमाल हाताशी ठेवा. पहिल्या मिनिटातच लागतो.

भरभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो. त्यामुळे मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, हलकं हलकं वाटतं, बोटांत आणि ओठांभोवती मुंग्या येतात. काहींची बोटं वाकडी होऊन ताठरतात. कुणी याला शक्ती जागी झाली म्हणेल, पण त्यामागे हे साधं शरीरशास्त्र आहे. मुंग्या आल्या तर श्वासाचा वेग निम्मा करा, एक-दोन मिनिटांत उतरतात. घेरी आली तर खाली बसा. छातीत दुखलं, एका बाजूचा हात जड झाला, तर ध्यान तिथेच संपलं आणि डॉक्टर सुरू झाले. पहिला आठवडा चार मिनिटं श्वास पुरे, दहापर्यंत हळूहळू या.

दुसरी दहा मिनिटं रेचन. जे साठलंय ते बाहेर: ओरडा, रडा, हसा, शिव्या द्या, उशी बडवा. कोरेगाव पार्कात हे ठीक आहे, आपल्या सोसायटीत पोलीस येतील. म्हणून घरगुती सोय. तोंड उघडं ठेवून आवाज न करता पूर्ण ताकदीने ओरडा, गळ्याच्या शिरा फुगल्या पाहिजेत. टॉवेल दोन्ही हातांनी पिळा, पिळताना दात खा. किंवा निरर्थक बडबड करा, कुठल्याच भाषेत नसलेली, भांडणाच्या सुरात पण दबक्या आवाजात. ही बडबड फार उपयोगी आहे. मराठीत भांडलात तर सासू, बॉस, नवरा कोणीतरी समोर उभं राहतं आणि गोष्ट सुरू होते. अर्थ नसलेल्या शब्दांत नुसता राग राहतो, ज्याच्यावर राग आहे तो माणूस गळून पडतो.

काहीच येत नसेल तर नाटक करा. दोन मिनिटं खोटं हसलात की तिसऱ्या मिनिटाला खरं काहीतरी फुटतं, आणि ते हसूच असेल असं नाही. मला पहिल्यांदा रडू आलं तेव्हा कारण सापडेना आणि मी ते शोधत बसले. ती चूक. कारण शोधायला गेलं की रडणं थांबतं. अंगात येणं आणि रेचन यांत एक फरक मात्र धरून ठेवा: इथे आतला एक कोपरा जागा हवा, भिंत कुठे आहे, पाय कुठे आहेत हे कळत असलं पाहिजे. स्वतःला लागेल असं काही नाही, डोकं आपटणं तर नाहीच.

तिसरी दहा मिनिटं ‘हू’. दोन्ही हात वर सरळ, आणि उड्या मारत प्रत्येक वेळी पोटातून ‘हू!’. पूर्ण पाऊल सपाट टेकवायचं, चवड्यांवर नाही, आणि आवाज ओटीपोटात आदळला पाहिजे. सूफींच्या जिक्रमधला, म्हणजे त्यांच्या नामस्मरणातला, हा उच्चार. अगदी सुरुवातीच्या शिबिरांत या जागी ‘मैं कौन हूँ’ विचारत, पुढे त्याचं ‘हू’ झालं. गुडघे दुखरे असतील, वजन जास्त असेल किंवा खाली काकू राहत असतील तर उडी नको. पाय जमिनीवर ठेवून गुडघे झटक्याने वाकवा आणि त्या झटक्याबरोबर श्वासातून, आवाजाशिवाय ‘हू’ सोडा. धक्का पोटात बसल्याशी मतलब. ही सगळ्यात कंटाळवाणी पायरी. सहाव्या मिनिटाला ‘पुरे आता’ येतं, आणि पुढची चार मिनिटं त्याच्या पलीकडची असतात.

मग ‘स्टॉप’.

जिथे आहात, जसे आहात, तिथे गोठा. हात नीट करायचे नाहीत, पाय जुळवायचे नाहीत, घसा खाकरायचा नाही. पंधरा मिनिटं. आधीची तीस मिनिटं या पंधरासाठी आहेत. लोक नेमकं उलटं करतात: उड्या जोरात, आणि इथे आल्यावर हळूच केस सारखे करतात, एका पायावरून दुसऱ्या पायावर येतात, मनात हिशोब मांडतात. अंगाने पोझ सावरली की मन लगेच मागून येतं.

हात पंधरा मिनिटं वर राहत नाहीत, माझेही राहत नाहीत. पहिली दोन-तीन मिनिटं खांदे जळतात. मग हात आपल्या वजनाने उतरायला लागतात, इतके हळू की उतरतायत हे नंतर कळतं. ते ‘उतरवणं’ नव्हे. मी खाली आणले आणि ते खाली आले, हा फरक एकदा अंगाला समजला की बाकीचा खेळ समजतो. खाजेचंही तसंच: ती वाढते, असह्य होते, आणि न खाजवता बघत राहिलात तर दीडएक मिनिटात कुठे गेली ते कळत नाही. घामाचा थेंब मात्र डोळ्यात जातोच. म्हणून ती ओढणीची पट्टी.

पाचवी, पंधरा मिनिटं नाच. दमलेल्या अंगाने, हलका. दिवस इथून सुरू होतो, त्यामुळे ही पायरी गाळून ऑफिसला पळू नका. स्टॉपमधून थेट ट्रॅफिकमध्ये गेलेला माणूस अर्धा तास चिडचिडा असतो, हा माझ्या घरच्यांचा अनुभव.

ज्यांना उड्या नकोत: नादब्रह्म

गुडघे, रक्तदाब, वय, भाड्याच्या घराचे पातळ पत्रे, कारण काहीही असो. आरामात बसा, खुर्चीवर चालेल. डोळे आणि ओठ बंद, दातांत किंचित फट. तीस मिनिटं गुंजन करा, शेजारच्या माणसाला ऐकू जाईल इतक्या आवाजात. सूर हवा तेव्हा बदला, श्वास हवा तेव्हा घ्या. भ्रामरीत कान बंद करतो तसं इथे नाही. डोकं रिकाम्या हंड्यासारखं घुमायला लागलं की बरोबर चाललंय.

मग साडेसात मिनिटं दोन्ही तळहात आकाशाकडे करून बेंबीपासून पुढे न्या आणि बाजूंनी मोठं वर्तुळ काढत परत आणा. गती इतकी हळू की बघणाऱ्याला हात हलत नाहीत असं वाटावं. पुढची साडेसात मिनिटं तळहात जमिनीकडे, आणि वर्तुळ उलट. घाई होते, प्रत्येकाची होते. शेवटची पंधरा मिनिटं निश्चल, बसून किंवा आडवं. एकूण तास. रात्री झोपण्याआधीही चालतं, आणि कुणाची तक्रार येत नाही.

किती दिवस, आणि कुठे बिनसतं

एकच पद्धत निवडून एकवीस दिवस करा, अशी प्रथा आहे. आज कुंडलिनी, उद्या डायनॅमिक, परवा यूट्यूबवर दिसलं ते, असं करणाऱ्याला प्रत्येक पद्धतीचा फक्त पहिला दिवस मिळतो. पोटऱ्या आणि मांड्या चौथ्या दिवसापर्यंत दुखतात, मग सोडतात. आवाज बसला तर रेचन घशातून होतंय, पोटातून नाही. नंतर डोकं दुखत असेल तर पाणी कमी पडतंय किंवा श्वासात कपाळाला आठी घालताय. आठव्या-दहाव्या दिवशी काहीच होईनासं होतं, सगळं यांत्रिक वाटतं, आणि बरेच जण तिथे सोडतात. त्या दिवशीही करायचं असतं. मात्र दिवसभर रडू येत राहिलं, झोप उडाली, कशातच मन लागेना असं तीन-चार दिवस चाललं, तर पद्धत थांबवा आणि समुपदेशकाशी बोला. ‘शुद्धी चालू आहे’ म्हणून ढकलू नका.

झाल्यावर लगेच गार पाण्याने आंघोळ नको. घाम वाळू द्या, कोमट पाणी प्या, दहा मिनिटं फोन उलटा ठेवा.

आणि तासच नसेल तर. मुंबईच्या लोकलमधून येणाऱ्याला, लहान मूल असलेल्या बाईला तास कुठून मिळणार. तेव्हा बाथरूममध्ये सात मिनिटं थरथरा, तीन मिनिटं टॉवेल पिळा, आणि मग तिथेच दहा मिनिटं उभे राहा, नळ बंद करून. हलण्याची मिनिटं हवी तेवढी कापा. त्या दहातलं एकही कापू नका, बाहेरून कुणी दार वाजवलं तरी.